रंगाऱ्याच्या खिशातला फोन

मी फोन बोलतोय. हो, मीच. आजवर माझ्यातून बाकीचे बोलत आले, तेही मनसोक्त. मी आपला मधल्यामध्ये गप्प. आज माझी पाळी आहे. बोलता बोलता आवाज घोगरा झाला तर सांभाळून घ्या, कारण माझ्या घशात सहा वर्षांचा रंग बसलाय.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईनं माझ्या पोटात बॅटरी ठेवली, दुसरीनं पाठ लावली, तिसरीनं मला कानाला लावून पाहिलं आणि मान हलवली. म्हणजे मी पास. मग मला खोक्यात झोपवलं. माझ्या खोक्यावर समुद्राचं चित्र होतं, त्यामुळे माझी समजूत झाली की माझं आयुष्य कुठंतरी समुद्रकिनारी जाणार. गेलं ते डिस्टेंपरच्या बादलीकाठी.

मला विकत घेतलं एका रंगाऱ्यानं. घरं रंगवणारा माणूस. त्याला सगळे दादा म्हणायचे, कारण त्याचा धाकटा भाऊ त्याला दादा म्हणायचा आणि हे दोघं कुठंही गेले तरी एकत्रच. धाकट्याला सगळे धाकट्याच म्हणायचे. अंगानं शिडीसारखा लांब, बावीस वर्षांचा बाप्या झाला तरी धाकट्याच. दादा चौथी शिकलेला, धाकटा पाचवीतून पळालेला. "दोघांची मिळून नववी झालीय आमची," दादा गिऱ्हाइकाला सांगायचा, "दहावी पुतण्या-पुतणी कुणीतरी पूर्ण करेल."

या लोकांच्या हाताला कायम रंग. भिंतीच्या भेगा बुजवायची लांबी हाताला, पॉलिश पेपरची पूड हाताला. मग फोन आला की काय करायचं? दादानं पहिल्याच आठवड्यात तोडगा काढला. मनगटानं मला खिशातून वर ढकलायचं आणि नाकानं उचलायचं. खरंच सांगतो, जगातल्या बाकीच्या फोनांच्या काचेवर बोटांचे ठसे असतात, माझ्या काचेवर नाकाचे आहेत. दादाचं नाक टोकदार, काम चोख. धाकट्याचं नाक बसकं. त्याच्या नाकानं एकदम दोन-दोन बटणं दाबली जायची. एकदा त्यानं वहिनींचा, म्हणजे दादाच्या बायकोचा, फोन उचलायला जाऊन नळवाल्याला व्हिडिओ कॉल लावला. नळवाला आंघोळीला बसला होता. त्यानंतर सहा महिने तो यांच्याशी बोलला नाही.

आता माझ्या खऱ्या कामाविषयी सांगतो.

रंगाच्या दुकानात यंत्रावर रंग बनवून मिळतो, पण दादाचं त्या यंत्राशी कधी पटलं नाही. तो पांढरा रंग आणायचा आणि त्यात छोट्या बाटल्यांतला स्टेनर, म्हणजे रंग चढवायचा गडद अर्क, स्वतः मिसळायचा. माप म्हणजे बाटलीचं टोपण. पिवळा इतकी टोपणं, हिरवा इतकी, काळ्याचा एक थेंब. असं करून तो जे रंग काढायचा त्यांना नावं नव्हती. पण लोक दारात थांबून विचारायचे, हा कुठला हो?

हे मिश्रण लक्षात कसं ठेवायचं? लिहायचा दोघांनाही कंटाळा, आणि हात रंगलेले. म्हणून दादा मला बादलीशेजारी उभा करायचा, नाकानं रेकॉर्डिंग सुरू करायचा आणि बोलायचा. पत्ता सांगायचा नाही. घराला स्वतःचंच नाव द्यायचा. "खोकणाऱ्या काकांची बैठक." "वाकड्या जिन्याचे मास्तर, आतली खोली." "जिथं मांजरानं बादलीत पाय घातला ते घर." मग मापं. शेवटी "झालं" असं म्हणून बंद. अशी एकशे बारा रेकॉर्डिंगं माझ्या पोटात आहेत. एखाद्याच्या भिंतीला दोन वर्षांनी ओल आली, तुकडा पुन्हा रंगवायचा झाला, की दादा ते रेकॉर्डिंग एकटाच कोपऱ्यात जाऊन लावायचा आणि तोच रंग पुन्हा तयार.

दोघा भावांची वर्षातली एक सहल ठरलेली असायची. बाजारात नवा फोन आला की दोघं धुतलेले शर्ट घालून मोबाईलच्या दुकानात जायचे. नवा फोन घ्यायला नाही. बघायला. तिथं काउंटरवर एक ताई असायच्या, निळा कोट घातलेल्या. दादा त्यांना प्रश्न विचारायचा. पाण्यात पडला तर? पातळ रंगात पडला तर? घट्ट रंगात? शिडीवरून पडला तर, आणि शिडी त्याच्यावर पडली तर? पहिल्या वर्षी ताई वैतागल्या. दुसऱ्या वर्षी हसल्या. तिसऱ्या वर्षी त्यांनी प्रश्न मोजले, तीस भरले. तेव्हापासून दादा दारातून आत आला की त्या आतल्या माणसाला हाक मारायच्या, "अहो, चहा सांगा. तीस प्रश्न आले."

आणि सगळं विचारून झालं की दादा म्हणायचा, "फोन झकास आहे. पण पुढचं मॉडेल येऊ दे. मग दोघं मिळून घेऊ." मग माझ्यासाठी एक नवी काच घ्यायचा, आणि सहल संपायची. मला दर वर्षी आधी धडकी भरायची आणि नंतर नवीन काच मिळायची. माझं बरं चाललं होतं.

मागच्या वर्षी काम करता करता दादा दुपारी शिडीवरून उतरला. छातीत भरून आलंय म्हणाला. धाकट्याला म्हणाला, तू हात थांबवू नकोस, ओली कड सुकेल आणि जोड दिसेल. भिंतीला टेकून बसला. मी त्याच्या शर्टाच्या खिशात होतो, डाव्या बाजूला. यापुढचं मला सांगता येत नाही. धाकट्यानं भिंत अर्धी टाकली एवढं सांगतो.

ती भिंत दुसऱ्याच कुणीतरी पूर्ण केली.

मी धाकट्याच्या खिशात आलो. महिनाभरानं तो कामाला लागला, पण पांढऱ्याच. छत असेल तर घ्यायचा, दुकानाचं गोदाम असेल तर घ्यायचा. कुणी म्हणालं, जरा फिकट निळं कराल का, की हा म्हणायचा, "रंगाचं दादा बघायचा. मी पांढरं मारतो." स्टेनरच्या बाटल्या पोत्यात बांधून त्यानं माळ्यावर टाकल्या. पांढरी कामं ती किती मिळणार? एका पॅकिंगच्या कारखान्यात जागा निघालीय, तिकडं जातो, असं तो वहिनींना दोनदा बोलला. त्या शिवणकाम करतात, बोलायला धारदार.

"खोकी चिकटवणार का आता?" त्या म्हणाल्या.

"खोकी तरी चिकटवता येतात मला."

"तुमच्या हातात ब्रश आठव्या वर्षापासून आहे, भाऊजी."

"ब्रश माझ्या हातात होता वहिनी, डोकं त्याचं होतं."

यावर वहिनींनी मशीन जोरात चालवलं.

अशात दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीला दादानं तीन वर्षांपूर्वी रंग दिला होता. बसलेल्या माणसाची भीती कमी व्हावी असा रंग पाहिजे, अशी त्यांची मागणी होती, आणि दादानं असा काही रंग काढला की लोक नंबर गेला तरी उठायचे नाहीत. आता पाइप फुटून भिंतीचा दोन हात तुकडा खराब झाला होता. "तुकडाच करा," बाई म्हणाल्या, "पण रंग तोच पाहिजे. ठिगळ दिसलं तर मला रोज डोळ्यासमोर ते ठिगळ. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मी सगळी खोली दुसऱ्याकडून करून घेते."

धाकट्या नाही म्हणणार होता. पण तो दादाचा रंग होता. त्यावर दुसरा कुणी हात फिरवणार हे त्याला सहन होईना. "जमेल," म्हणाला आणि फोन ठेवल्यावर घाबरला. वहिनींना म्हणाला, "हे जमलं तर रंगारी. नाही जमलं तर सोमवारपासून खोकी."

त्यानं मला टेबलावर ठेवलं आणि ते रेकॉर्डिंग लावलं. आणि इथं मी त्याला दगा दिला.

माझ्या स्पीकरच्या जाळीत रंग, लांबी, पूड सगळं साचून दगड झालं होतं. मला आतून सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, पण बाहेर निघत होतं ते असं, "दातांच्या... खर्र्र... पांढरा... पिवळा तीन टोप... खर्र्र... हिरवा... खर्र्र... झालं."

त्यानं मला कानाला लावलं, पण कानाशी फक्त आलेले फोन ऐकू येतात, रेकॉर्डिंग त्या जाळीतूनच वाजतं. हेडफोनचं भोक पाहिलं, तर त्यात फिकट गुलाबी रंग वाळलेला. टाचणी घातली, टाचणी मोडली. दुरुस्तीवाल्याकडं नेलं. तो म्हणाला, याचे पार्ट आता येत नाहीत, शिवाय बॅटरी फुगलीय, हा कुठल्याही दिवशी राम म्हणेल.

"नवा घ्या," वहिनी म्हणाल्या. "परवाच नवा आलाय ना तो? मोठा बोर्ड लागलाय चौकात. पैशांचं मी बघते."

"नको."

"का नको?"

"आम्ही दोघं मिळून घेणार होतो."

वहिनी दोरा ओवायचं थांबल्या. हळू म्हणाल्या, "मग माझ्याबरोबर घ्या."

"आणि यातला दादा?"

"तो त्यात घालून मिळतो. सगळे घालून घेतात."

"ती नक्कल झाली. मला नक्कल नको."

दोन दिवस हेच चाललं. जेवताना घ्यायचं ठरायचं, हात धुताना मोडायचं. चौकातल्या बोर्डासमोर तो उभा राहायचा, मला मुठीत धरून. मला कळत होतं की हा फोनाचा विचार करतच नाहीये. नवा घेतला की दादाबरोबरची सहल कायमची संपणार, एवढंच त्याला दिसत होतं. आणि नाही घेतला, तर दादाचा रंगच संपणार. मी मनातून ओरडत होतो, अरे घे बाबा, मला टाक कुठंही, पण आतलं बाहेर काढ! पण माझं कोण ऐकतंय.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी तो अचानक उठला. शर्टसुद्धा बदलला नाही, अंगावर पांढऱ्याचे शिंतोडे तसेच. वहिनी मागून चपला घालत धावल्या.

निळ्या कोटवाल्या ताईंनी त्याला दारातच ओळखलं. "अहो, चहा सांगा," त्या आत ओरडल्या आणि याच्या मागं बघायला लागल्या. मागं वहिनी. त्यांच्या मागं कुणी नाही. ताई थांबल्या.

"मोठे कुठे आहेत?"

"नाहीत ते," धाकट्या म्हणाला.

ताईंना समजलं. त्यांनी नवा फोन काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. "विचारा," म्हणाल्या. "मी तिसाच्या तीस प्रश्नांची उत्तरं पाठ केलीत या वेळी. घट्ट रंगात पडला तरी पुसून चालतो. मी कंपनीच्या माणसाला मुद्दाम विचारून ठेवलं होतं. तो मला वेडी समजला."

धाकट्या हसला. रडणं आणि हसणं त्याचं एकाच वेळी आलं, त्यामुळे कसलातरी तिसराच आवाज झाला आणि शेजारच्या गिऱ्हाइकानं दचकून कव्हर खाली टाकलं.

त्यानं सवयीनं नवा फोन नाकानं उघडून पाहिला. उघडला. मग तो म्हणाला, "मला एकच प्रश्न आहे. याचा आवाज कसा आहे?"

"गाणं लावू?"

"गाणं नको. हे लावा." आणि त्यानं मला पुढं केलं.

ताईंनी ते रेकॉर्डिंग माझ्यातून नव्यात पाठवलं. दोन फोन शेजारी शेजारी, हवेतल्या हवेत. माझ्या पोटातून ते जाताना मला गुदगुल्या झाल्या. ताईंनी बटण दाबलं.

दुकानात दादा बोलायला लागला. खर्र नाही, काही नाही. समोर उभा राहून बोलावं तसा.

"दातांच्या डॉक्टरीणबाई, बाहेरची खोली. एक बादली पांढरा. पिवळा तीन टोपणं. हिरवा अर्धं." मग बादलीत काठी फिरवल्याचा आवाज. मग दादा लांब बघून ओरडला, "ए धाकट्या! बघ रे, झालं का?"

खूप लांबून, बहुतेक शिडीवरून, दुसरा आवाज आला. "नाही! अजून आजारी दिसतोय. तांबडा घाल थोडा."

"थोडा म्हणजे किती, गाढवा?"

"घाल की, मी सांगतो थांब म्हणून... अजून... अजून... बास! तुला दिसत नाही का रे?"

दादा हसला. आणि फोनच्या अगदी जवळ येऊन, बारीक आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये असा म्हणाला, "मला कुठलं दिसतंय. तांबडा, धाकट्याच्या नजरेनं. झालं."

धाकट्या काउंटरला धरून उभा होता. "पुढचं लावा," म्हणाला.

वाकड्या जिन्याचे मास्तर. निळा दोन टोपणं, काळा एक थेंब. मग ती हाक, ते लांबचं उत्तर. "हिरवा, धाकट्याच्या नजरेनं. झालं." खोकणाऱ्या काकांची बैठक. "धाकट्याच्या नजरेनं. झालं." मांजराचं घर. तेच. मला हे सगळं सहा वर्षं माहीत होतं हो! बंद करायच्या आधीचं ते वाक्य दर वेळी माझ्या कानाशीच तर बोललं जात होतं. पण आधी धाकट्यानं मला कधी कान देऊन ऐकलं नाही, आणि ऐकायची वेळ आली तेव्हा माझा घसा बसलेला.

"हा मला नुसता चिडवायला हाका मारतोय असं वाटायचं मला," धाकट्या म्हणाला. "शिडीवर झोप लागू नये म्हणून."

वहिनींनी पदर डोळ्याला लावला होता, पण त्या हसत होत्या. "भाऊजी, यांना तांबडा आणि हिरवा एकच दिसायचा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कळलं मला. माझी हिरवी साडी बघून म्हणाले, लाल छान दिसते तुला."

"काय सांगता!"

"धाकट्याला सांगू नकोस म्हणाले, डोक्यावर बसेल माझ्या. मला वाटलं, बाटल्यांवर नावं असतात, त्यावर निभत असेल. एवढा सगळा भार तुमच्यावर टाकलाय हे मला तरी कुठं ठाऊक होतं?"

"अख्ख्या गावात रंगाचं नाव त्याचं," धाकट्या म्हणाला, "आणि त्याला रंग दिसत नव्हता?" आणि तो असा हसायला लागला की ताई हसल्या, आतला चहावाला हसला, ज्यांना काही माहीत नाही ती शेजारची गिऱ्हाइकंही हसली. आठ महिन्यांत मी त्याचं ते हसू ऐकलं नव्हतं. त्याच्या खिशात राहून मला त्याचं पोट कसं हलतं हे माहीत होतं. ते तसंच हलत होतं.

"घेतो," तो म्हणाला.

"बाकीचे एकोणतीस प्रश्न?" ताईंनी विचारलं.

"काही नाही. एकशे बाराच्या एकशे बारा त्यात उतरवून द्या. एक सुटता कामा नये."

ताईंनी जुन्या फोनांच्या कपाटाकडं बोट दाखवलं. जुना द्यायचा असेल तर आम्ही घेतो म्हणाल्या. धाकट्यानं मला असं काही छातीशी धरलं की माझी फुगलेली बॅटरी कुरकुरली. मग वहिनींनीच ताईंना विचारून ती काढून घेतली. आता मी वायरीवर जगतो.

त्याच संध्याकाळी माळ्यावरचं पोतं खाली आलं. पांढरा, पिवळा तीन टोपणं, हिरवा अर्धं. तांबड्याची बाटली हातात घेऊन धाकट्या दवाखान्याच्या त्या खोलीत उभा राहिला. वायर लावलेला मी आणि नवा फोन, दोघंही खिडकीत. तांबड्याचं माप कुठंच नव्हतं, ना माझ्यात, ना त्याच्यात. त्यानं एक डोळा मिटला, जुन्या भिंतीकडं पाहिलं, बाटली तिरकी केली. थेंब पडले. काठी फिरली. पुन्हा पाहिलं. "बास," तो स्वतःलाच म्हणाला.

पहिला हात मारला तेव्हा ओला रंग गडद दिसत होता. बरोबर आलेल्या वहिनी सारख्या भिंतीशी जाऊन बघत होत्या. धाकट्या स्टुलावर बसून शिट्टी वाजवत होता. वाळला, दुसरा हात मारला, तोही वाळला.

सोमवारी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. चष्मा लावून भिंतीजवळ गेल्या, नाक टेकेल इतक्या जवळ. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन फेऱ्या मारल्या.

"इथंच ना?" त्यांनी बोट ठेवलं.

"नाही बाई, ती जुनी आहे."

"मग ही?"

"तीही जुनीच."

बाईंनी चष्मा काढला. "बरं, मी हरले. दाखवा."

धाकट्यानं भिंतीकडं पाहिलं. डोकं खाजवलं. "मलाही आता नक्की सांगता यायचं नाही," तो म्हणाला.

तर अशी माझी कहाणी. सध्या मी वहिनींच्या शिलाई मशीनशेजारी, वायर लावून, घड्याळ म्हणून उभा आहे. वेळ दाखवायला घसा लागत नाही. नव्या फोनचा मला राग नाही. पोरगा हुशार आहे, आणि एकशे बारा आठवणी त्यानं एका दमात पाठ केल्या. धाकट्याला नकलेची भीती वाटत होती, पण मला विचाराल तर त्याच्यातला दादा माझ्यातल्या दादापेक्षा खरा वाटतो.

तुमच्या कपाटात, खणात माझा एखादा भाऊबंद काच फुटून पडला असेल. त्याला टाकून देण्याआधी एकदा वीज द्या, आणि त्याच्या आतलं चांगल्या आवाजात, शेवटपर्यंत ऐका. मध्येच बंद करू नका. आम्ही सगळं ऐकून ठेवलेलं असतं. आम्हाला ते स्वतःहून सांगता येत नाही, इतकंच.

थांबतो. आज सकाळी धाकट्या शाळेच्या कामावर गेलाय. बारा वर्ग आहेत, आणि मोठ्या बाईंना बारा वर्गांना बारा रंग हवेत. जाताना तो मोठमोठ्यानं गात होता. तो अत्यंत बेसूर गातो. गाऊ दे.